बिनखोडीची मशीन

राणीसावरगावच्या बन्सीधर हेड्यानं आयुष्यात एकही बैल गुण सांगून विकला नाही. तो खोडी सांगून विकायचा.

हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी. या धंद्यातल्या माणसाबद्दल आमच्याकडं कुणी बरं बोलत नाही. हेडी देवळात गेला तरी नंदीचे दात बघून येतो, असं म्हणतात. बाजारात बाकीचे हेडी बैलाच्या पाठीवर थाप मारून "वाघ हाय, वाघ" म्हणत उभे असायचे. बन्सीधर मात्र गिऱ्हाइकाला बाजूला घ्यायचा आणि कुणाच्या घरची वाईट बातमी सांगावी तसा हळू बोलायचा.

"दादा, चार दाती हाय, वयानं तरणा. चालीला बरा हाय. पण खोड एक. पान्यात पाय घालत न्हाई. वढा आला की हुबा ऱ्हातो. तुमच्या वाटंला वढा हाय का?"

"हाय की."

"मंग ह्यो तुमचा बैल न्हाई. पुढं चला."

गिऱ्हाईक पुढं जायचं, चार-पाच वाघ बघायचं आणि फिरून याच्याच दावणीला यायचं. ज्या माणसानं एक खोड आपणहून सांगितली, त्याच्या दुसऱ्या बैलात लपवलेली नसणार, असं गिऱ्हाइकाला वाटतं. बन्सीधर खरं बोलतो ते पुण्य म्हणून की धंदा म्हणून, असं त्याच्या बायकोला, कस्तुराबाईला, एकदा कुणीतरी विचारलं होतं. ती म्हणाली, "दोनी येकच हाय. फकस्त पुण्य उशिरा पोचतं."

त्याचा कायदा साधा होता. खोड सांगून विकलं आणि दावं सोडलं की माल माघारी नाही. खोड लपवून विकली असेल, तर कधीही आणून दारात बांधा. चाळीस वर्षांत त्याच्या दारात एकही बैल परत बांधला गेला नाही. लोक पोराच्या नोकरीचं सांगतात तसं तो हे सांगायचा. पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचा.

पुढं शिवारात ट्रॅक्टर वाढले. बाजारात बैल घेणाऱ्यांपेक्षा बैलाबरोबर फोटो काढणारे जास्त यायला लागले. तेव्हा बासष्टाव्या वर्षी बन्सीधरनं दावण गुंडाळली आणि मोबाइलवर जुन्या वस्तू विकायला सुरुवात केली. जुन्या मालाचं एक ॲप होतं. गावोगाव फिरून पंखे, मिक्सर, रेडिओ, शिलाई मशीन घ्यायच्या, पुसायच्या, चालवून बघायच्या आणि गंगाखेडच्या कुरिअरवाल्याकडं नेऊन द्यायच्या. कस्तुराबाई सातवी पास, त्यामुळं लिहिण्याचं खातं तिच्याकडं.

पहिल्याच दिवशी अडलं.

"आगं, खोडीचा रकाना कुठं हाय?"

"न्हाई. 'वस्तूची स्थिती' हाय. उत्तम, चांगली, बरी. तिन्हीतलं येक दाबा."

"आन वाईट?"

"वाईट न्हाईच ह्यात."

"बिनखोडीच्याच वस्तू इकायलेत का काय हे लोक?"

"फॉर्मवरून तर तसंच दिसायलंय."

मग त्यांनी 'बरी' दाबलं आणि खालच्या मोकळ्या जागेत, बाजारातल्यासारखंच, सगळं लिहून टाकलं. ते वाचायला आम्ही अख्खी गल्ली ॲपवर गेलो होतो. घ्यायचं कुणालाच काही नव्हतं.

'टेबल पंखा. खोड : एक. मान डावीकडं वळली की कण्हतो. उजवीकडं गप असतो.'

'मिक्सर. खोड : दोन. शेंगदाण्याला नाही म्हणत नाही, खोबरं दिसलं की तापतो. झाकण हातानं दाबून धरावं, नाहीतर चटणी छताला.'

'रेडिओ. खोड : एक. परभणी केंद्राशिवाय काही लागत नाही. ज्याला परभणीच ऐकायची, त्याच्यासाठी बिनखोडीचा.'

माल भराभर गेला. दीड वर्ष बरं गेलं आणि मग शहाणी गिऱ्हाइकं भेटायला लागली.

पहिलं गिऱ्हाईक पंख्याचं. परराज्यातलं होतं. ॲप म्हणे ज्याला त्याला त्याच्या भाषेत वाचायला देतं. खोड म्हणजे झाडाचा बुंधा हे ॲपला ठाऊक, वाईट सवय हे काही ठाऊक नसावं. बुंध्यावरून उड्या मारत त्याचं भाषांतर कुठंतरी 'ट्रंक : एक' इथं जाऊन पडलं. आठ दिवसांत दावा आला : पंखा मिळाला, सोबतची ट्रंक मिळाली नाही.

"कसली ट्रंक?" बन्सीधर म्हणाला.

"आपल्या माळ्यावर येक हाय, पत्र्याची," कस्तुराबाई म्हणाली. "दिऊन टाका. तेवढीच जागा हुईल."

बन्सीधरनं खुलासा सांगितला, तिनं लिहिला. खोड म्हणजे काय, ती बैलाला कशी असते, पंख्याला कशी असते, सगळं. ॲपनं आभार मानले आणि दावा मंजूर केला. पंखा परत आला. चालू होता, डावीकडं कण्हत होता.

दुसरं गिऱ्हाईक स्पीकरचं. जवळच्याच जिल्ह्यातलं. लग्नसराईत घेतला आणि पाचव्या दिवशी परत पाठवला, कारण 'आवाज येत नाही'. खोकं उघडलं तर स्पीकरच्या जाळीत अक्षता आणि कडेला हळदीची पाच बोटं. कस्तुराबाईनं वायर जोडली. आत कार्ड तसंच राहिलं होतं. स्पीकर एकदम ओरडला, "मामाकडची मंडळी, मांडवाच्या डाव्या हाताला या." दोघं दचकून डाव्या हाताला सरकले.

त्यांनी हळदीचा फोटो पाठवला. ॲपचं उत्तर आलं : 'फोटोवरून आवाज येतो हे सिद्ध होत नाही.'

हाही दावा मंजूर. आणि सोबत सूचना : वर्षात तिसरा दावा मंजूर झाल्यास दुकान बंद होईल आणि आपल्या नावापुढं 'अविश्वासू विक्रेता' अशी लाल पट्टी कायमची लागेल.

कस्तुराबाईनं ती मोठ्यानं वाचली. बन्सीधरनं परत वाचायला लावली.

"अविश्वासू म्हंजी?"

"ज्याचा इश्वास धरू ने असा."

त्यानं फोन तिच्या हातातून घेतला आणि उलटा ठेवला. मग म्हणाला, "चाळीस वर्सं बैल माघारी आला न्हाई. आन पंख्या-भोंग्यापायी माझ्या नावाला लाल पट्टी?"

दुकानाची त्याला तेवढी फिकीर नव्हती. त्याला ते नाव सोसणार नव्हतं. साऱ्या हेड्यांना लोक लबाड म्हणायचे, तेव्हा 'बन्सीधर सोडून' असं पुढं जोडायचे. ते दोन शब्द ही त्याची सारी कमाई.

आणि तिसरा दावा शिलाई मशीनचा आला.

ती हातानं फिरवायची जुनी मशीन होती. काळीभोर, अंगावर सोनेरी फुलं. वर्णन असं : 'खोड : एक. दर सातव्या टाक्याला टाका सोडते. चाक अर्धा घेर उलटं फिरवलं की पुन्हा धरते. सवय झाली की कळतही नाही.' पुण्याच्या योगीराज नावाच्या माणसानं ती घेतली, आठवडाभर ठेवली आणि कळवलं : 'वस्तू सदोष. टाका नीट येत नाही.' कंपनीनं मशीन उचलून परत पाठवली आणि बन्सीधरला म्हणणं मांडायला सात दिवस दिले.

"ते तर मीच सांगितलं हुतं," बन्सीधर म्हणाला. "माझंच मला सांगायलाय."

मशीन दिसायला तीच. तोच काळा रंग, तशीच फुलं, पण जरा विटलेली. कस्तुराबाईनं जुन्या लुगड्याचा तुकडा घातला आणि चाक फिरवलं. बन्सीधर टाके मोजत होता. पाच, सहा, सात. आठ. नऊ.

"सोडला का?"

"न्हाई."

"पुन्ना मार."

तिनं वीतभर टीप मारली. मग हातभर मारली. सरळ, मोत्यासारखी. बन्सीधरचा चेहरा उतरला.

"बिनखोडीची हाय," तो म्हणाला. "आपली न्हाई ही."

ॲपच्या मदत केंद्रात फोन लागला तेव्हा पलीकडं माधवी नावाची मुलगी होती. आवाज गोड आणि घोटलेला.

"नमस्कार सर, मी माधवी, आपली काय मदत करू?"

"ताई, माझी मशीन बदलून आलीय."

"आपल्याला कसं कळलं, सर?"

"हिला खोड न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी ही चांगली चालायलीय."

"सर, ग्राहक म्हणतायत मशीन खराब आहे. तुम्ही म्हणताय चांगली आहे. मग तुमची अडचण काय आहे?"

"माझी खराब हुती."

पलीकडं जरा वेळ नुसत्या कीबोर्डच्या कळा वाजल्या.

"सर, मी हे कुठल्या पर्यायात टाकू? तुटलेली आली, सुटे भाग कमी आले, वापरलेली आली, रिकामं खोकं आलं."

"पाठवली त्याच्यापरीस चांगली आली, असं न्हाई का?"

"नाही सर. तशी तक्रार आजवर आलेली नाही."

"आवं ताई, जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणतात. माझी मशीन पुण्याला जाऊन आठ दिसात कशी सुधारली? तिथं काय संस्कार वर्ग लावला का तिला?"

माधवीला हसू आलं असावं, कारण ती खोकली. "सर, तुम्ही दोषाचा फोटो अपलोड करा."

"हिला दोष न्हाई म्हणून तर फोन केलाय."

"मग... दोष नसल्याचा फोटो."

"तो कसा काढायचा ते शिकवा, मी काढतो. आन मी समदं लिवलं हुतं की. सातव्या टाक्याचं. वाचा तुमी."

"सर, तुमच्या वर्णनात मला फक्त 'स्थिती : बरी' एवढंच दिसतं. खालचा मजकूर सिस्टिम वाचत नाही."

"तुमी वाचा की."

"मी सिस्टिमच वाचते, सर."

बन्सीधरनं फोनकडं बघितलं. खूप वर्षांपूर्वी एका बैलानं त्याच्याकडं ओढ्याच्या काठावर असंच बघितलं असेल. मग माधवीचा आवाज जरा खाली आला, घोटलेपणा गेला.

"सर, एक सुचवू का? तिथे एक चौकोन आहे, 'वर्णन करताना माझी चूक झाली.' त्यावर टिक करा. तुम्ही स्वतः मान्य केलंत की हा दावा तिसरा म्हणून मोजला जात नाही. पट्टी लागणार नाही. बरेच विक्रेते तसंच करतात."

"चूक झाली न्हाई, तरीबी?"

"चूक झाली की नाही, ते तो चौकोन विचारत नाही, सर."

फोन ठेवल्यावर कस्तुराबाईनं तो चौकोन काढून त्याच्यापुढं धरला.

"दाबा."

"न्हाई."

"येवढी टिकली लावायची तर जड झाली तुमाला?"

"मी खोटं बोललो, असं मीच लिवून दिऊ?"

"कोण वाचतंय ते?"

"मी वाचलं न्हवं."

"आन लाल पट्टी लागली की? ती समदे वाचतील. परभणीपातूर वाचतील."

"लोक लबाड म्हणले, तर ती लोकाची जबान. मी म्हणलो, तर माझी."

"मोठे आले जबानवाले," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. पण फोन नेला, आणि तिनंही तो चौकोन दाबला नाही. दाबायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती.

गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. भुजंग हेडी, ज्यानं हयातभर रेड्यालाही वाघच म्हटलं, तो मुद्दाम चहाला आला.

"बन्सीधरराव, ऐकलं ते खरं का? खोडीचा माल दिला आन चांगला माघारी आला? आन तुमी रडायलाव?"

"खरं हाय."

"आमाला असं गिऱ्हाईक चाळीस वर्सांत भेटलं न्हाई, बघा. आमी लंगडा दिला तर आंधळा माघारी आला. तुमचं नशीबच वाईट."

बन्सीधरनं त्याला चहा दिला आणि साखर कमी घातली.

त्यानं आपलं म्हणणं कस्तुराबाईकडून तीन वेळा लिहवून पाठवलं. तिन्ही वेळा 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे' असं उत्तर आलं. सहाव्या दिवशी दुपारी भुजंग पुन्हा येऊन बसला होता, उद्या पट्टी कशी दिसते ते आजच बघायला. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन वाजला. म्हातारा, खणखणीत बाईचा आवाज.

"बन्सीधर बोलतेत का? राणीसावरगाव?"

"बोलायलोय."

"मी कोकिळाबाई. पुण्याहून. योगीराजची माय. भाऊ, माझी मशीन तुमच्याकडं आलीय का?"

बन्सीधर ताठ बसला. फोनचा भोंगा मोठा केला. "तुमाला माझा नंबर कुठून गावला, अक्का?"

"मशीन आली त्या खोक्यावर चिठ्ठी हाय की तुमची. नाव, गाव, नंबर. आवं, पोरानं चहाचं दुकान काढलंय हितं. भित्तीवर सूप टांगलंय, जात्यावर काच ठिवून टेबल केलाय. आपल्याकडं जे अडगळीत असतं, ते हितं लोक पैसे दिऊन बघतेत. काल मला न्हेलं दाखवायला. मदोमद मशीन. म्हणलं माझीच आणून मांडली बिचाऱ्यानं. जवळ जाऊन हात लावला तर हात म्हणला, ही न्हवं. घरी येऊन बघते तर खाटंखाली माझी न्हाई. इचारलं तर म्हणतो, आई, तुझीची फुलं विटली होती, म्हणून ती परत पाठवली."

भुजंगचा चहा हातातच राहिला. बन्सीधर मात्र अजून व्यापारीच होता.

"अक्का, राग मानू नका. कुणीबी म्हणंल माझी हाय. तुमच्या मशीनची खोड सांगा."

बाईला त्यात काही नवल वाटलं नाही. "खोड? येकच. पातळ कापडाला सोन्यावानी चालती. जाड आलं की रुसती. तिसऱ्या-चौथ्या टाक्याला अडती. मंग डोक्यावर येक चापट मारायची. हळू. लेकराला निजवताना मारतो तशी. जोरात मारली तर सुई तोडती."

"आगं, वाकळ आण," बन्सीधर म्हणाला.

कस्तुराबाईनं गोधडीसारख्या जाड वाकळेचं टोक दुमडून सुईखाली घातलं. चाक फिरवलं. एक, दोन, तीन. चौथ्याला मशीन अडली. तिनं बन्सीधरकडं बघितलं, मग मशीनच्या डोक्यावर लेकराला निजवताना मारतात तशी चापट मारली. खट झालं आणि मशीन चालायला लागली.

"तुमचीच हाय, अक्का," बन्सीधर म्हणाला. सहा दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

"मला वाटलंच हुतं," कस्तुराबाई पुटपुटली. "बिनखोडीची म्हणून तिचा इश्वासच वाटत नव्हता."

अर्ध्या तासानं योगीराजचा फोन आला. भाषा इस्त्रीची.

"काका, नमस्कार. एक छोटासा गैरसमज झालाय. पॅकिंग करताना अदलाबदल झाली."

मागून आवाज आला, "पॅकिंग कुणी केलं ते सांग."

"आई, मी बोलतोय ना. तर काका, तुमच्याकडे आलेली मशीन प्लीज परत पाठवा. खर्च माझा."

"ती कशी पाठवू? ती माझी हाय. तुमीच कंपनीला लिवून दिलंय."

"काका, तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर..."

"तंत्र मला कळत न्हाई. आमच्या बाजारात बैल बदलला, तर चार माणसात सांगावं लागतं. हितं मी हाय, बायको हाय, भुजंगराव हायत. तिकडं तुमची माय हाय. चार झाली. सांगा, माझ्या लिवण्यात काय खोटं हुतं का?"

तिकडं कपबश्या खळखळल्या. मग मागून, "बोल की. दातखीळ बसली का?"

"नाही, काका. तुमचं वर्णन बरोबर होतं. सातव्या टाक्याला सोडते."

"चाक उलटं फिरवलं का?"

"नाही. ती... शोसाठी आहे."

"बरं. आता तेच कंपनीला लिवा. आज. मशीन उद्या गंगाखेडहून निघंल."

योगीराज तिथल्या तिथं दावा मागं घ्यायला बसला आणि फोनवरच वाचून दाखवायला लागला. "काका, कारण विचारतायत. 'वस्तू दुरुस्त झाली', 'विक्रेत्याशी तडजोड झाली', 'मन बदलले'."

"'मी मशीन बदलली' असं आसंल बघा."

"नाहीये."

"खाली बघा."

"खाली 'इतर' आहे. पण त्यात लिहिता येत नाही. नुसतं निवडता येतं."

"मंग तडजोड तर न्हाईच. मी कसलीबी तडजोड केली न्हाई."

"दुरुस्तीही नाही," योगीराज म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खरोखर अडचणीत आल्यासारखा वाटला. "मग एकच उरतं, काका."

संध्याकाळी जेवायच्या वेळी ॲपचा निरोप आला. कस्तुराबाईनं चुलीपुढूनच वाचला. 'अभिनंदन. ग्राहकाचे मन बदलल्यामुळे आपल्यावरील दावा रद्द करण्यात आला आहे. आपले दुकान सुरू राहील.'

"पट्टी न्हाई लागत," ती म्हणाली. "सुटलाव."

"काय बदललं म्हणलीस?"

"मन."

बन्सीधर पाटावरून उठला. "मन कुठं बदललं त्याचं? मशीन बदलली हुती. हे चूक लिवलंय. दुरुस्त करा म्हणावं. त्या माधवीताईला फोन लाव."

"आवं, जितलाव न्हवं तुमी?"

"जितलो, पर खोट्या कारणानं. लाव फोन."

त्यानं स्वतःच लावला. पलीकडून गोड आवाजात, सर्व प्रतिनिधी व्यस्त असल्याचं सांगणारी मुलगी बोलायला लागली. बन्सीधर तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागला. सातव्या टाक्यापर्यंत पोचला, तेव्हा कस्तुराबाईनं त्याच्या कानाचा फोन काढून घेतला आणि त्याच्यापुढं ताट सारलं.